दुसरं टोक धरणारे

इंग्लंडच्या उत्तरेला यॉर्कशरमध्ये इंगलबरो नावाचा डोंगर आहे. त्याच्या उतारावर फेल बेक हा ओढा माळावरून निवांत वाहत येतो आणि एका ठिकाणी अचानक जमिनीत कोसळतो. त्या विवराचं नाव गेपिंग गिल. खोली जवळजवळ शंभर मीटर, आणि तीही सरळ. १८४२ मध्ये जॉन बर्कबेक नावाच्या स्थानिक माणसानं दोरानं खाली उतरायचा प्रयत्न केला होता. तो मधल्या एका कपारीपर्यंत पोचला आणि परत आला. ती कपार आजही त्याच्या नावानं ओळखली जाते. तळ गाठला तो एदुआर-आल्फ्रेद मार्तेल या फ्रेंच माणसानं, १ ऑगस्ट १८९५ रोजी. दोराची लांबलचक शिडी, अंगावर कोसळणारं पाणी, वरच्यांशी बोलायला टेलिफोनची तार. खाली उतरल्यावर त्याला दिसलं सव्वाशे मीटरच्या आसपास लांब आणि तीस मीटर उंच असं एक दालन.

मार्तेलच्या धाडसाची ही गोष्ट गुहांवरच्या प्रत्येक पुस्तकात असते. मला त्या गोष्टीतली वरची माणसं जास्त महत्त्वाची वाटतात. मार्तेल शिडीवर होता तेव्हा त्याच्या कमरेचा सुरक्षादोर कोणीतरी धरला होता. टेलिफोनला कोणीतरी कान लावून बसलं होतं. तो खाली फिरत होता तेवढा सगळा वेळ ही मंडळी भिजत काठावर थांबली होती आणि शेवटी त्यांनी त्याला वर घेतलं. गुहांचा शोध हा प्रकार तेव्हापासून आजपर्यंत असाच चालत आला आहे. एकट्याच्या शौर्याला इथे फारसा वाव नाही. दोराचं दुसरं टोक धरणारं माणूस नसेल तर आत जाताच येत नाही.

मार्तेल पेशानं वकील होता, गुहा हा त्याचा सुट्टीतला उद्योग. पुढच्या वर्षी गेपिंग गिलमध्ये उतरलेला एडवर्ड कॅल्व्हर्ट हा यॉर्कशर रॅम्बलर्स क्लबचा सभासद. हा क्लब १८९२ मध्ये निघाला तो डोंगर भटकायला. पुढे खास विवरांसाठीच क्लब निघाले: १९२९ मध्ये क्रेव्हन पॉटहोल क्लब, १९३३ मध्ये ब्रॅडफर्ड पॉटहोल क्लब. आसपासच्या औद्योगिक शहरांत आठवडाभर नोकरी करायची आणि शनिवार-रविवारी डोंगर गाठायचा, असा त्यांचा खाक्या. मुंबई-पुण्याचा कोणताही ट्रेकिंग ग्रुप डोळ्यांसमोर आणा. तीच वर्गणी, तेच सामाईक सामान, नवख्याला सांभाळून नेणारे तेच दोघे-तिघे जुने. फरक एवढाच, की आपली मंडळी कड्यावर जातात आणि ही कड्याच्या पोटात.

आपण पोटात का जात नाही, याचं उत्तर दगडात आहे. सह्याद्री बेसॉल्टचा. हा दगड पाण्यात विरघळत नाही. म्हणून अजिंठा, वेरूळ, कार्ले, भाजे इथली लेणी माणसाला छिन्नी-हातोड्यानं खोदावी लागली. यॉर्कशरचा तो भाग आहे चुनखडीचा, तेहतीस कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्राच्या तळाशी साचलेला. पावसाचं पाणी हवेतून आणि त्याहून जास्त मातीतून कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आम्ल होतं आणि चुनखडीच्या फटीत शिरतं. फट रुंदावते, तिची नळी होते, नळीचा बोगदा होतो. याच पाण्याचा थेंब गुहेच्या छताशी येऊन लोंबकळला की त्यातला वायू निसटतो आणि विरघळलेला चुना पुन्हा दगड होऊन बसतो. लवणस्तंभ तयार होतात ते असे. वर्षाला मिलिमीटरचा दहावा भाग वाढले तरी पुष्कळ. चुकून लागलेल्या कोपरानं मोडलेला सुळा आपल्या नातवंडांच्या हयातीतही भरून येत नाही. म्हणून क्लबमध्ये आलेल्या नवख्याला दोराची गाठ शिकवण्याआधी कुठे हात लावायचा नाही ते शिकवतात.

अशा सहलीचा दिवस सुरू होतो तो रस्त्याच्या कडेला. गाडी शेताच्या फाटकापाशी लावायची, शेतकऱ्याची परवानगी घ्यायची आणि बोचऱ्या वाऱ्यात उभ्यानं कपडे बदलायचे. आत लोकरीसारखा दाट, उबदार अंगरखा, वरून न फाटणारा जाड प्लास्टिकच्या कापडाचा डगला, पायात गमबूट, डोक्यावर दिव्याचं हेल्मेट. आतल्या हवेचं तापमान बाराही महिने आठ-नऊ अंश असतं. अंग भिजलं आणि हालचाल थांबली की तेवढ्यात माणूस गारठून जातो, म्हणून हा जामानिमा. पूर्वी हेल्मेटवर कार्बाइडचा दिवा असायचा. कॅल्शियम कार्बाइडवर थेंब थेंब पाणी पडतं, ॲसिटिलीन वायू निघतो आणि पिवळसर, ऊबदार ज्योत पेटते. आपल्याकडे जत्रेतल्या दुकानांपुढे एकेकाळी याच कार्बाइडचे दिवे जळायचे, तो वास ज्यांनी घेतला आहे त्यांना वेगळं सांगायला नको. आता एलईडी आले. तरीही प्रत्येकाजवळ एकाहून जास्त दिवे हवेत, हा नियम तसाच आहे.

मग दोर. सह्याद्रीत रॅपलिंग करणाऱ्या आपल्या मुलामुलींना हार्नेस, कॅराबिनर, डिसेंडर हे सगळं ओळखीचं असतं. त्यातल्या बऱ्याच सामानावर पेट्झल हे नाव असतं. तो फर्नांड पेट्झल स्वतः फ्रान्समधला गुहा शोधणारा होता आणि त्याची कंपनी त्याच छंदातून उभी राहिली. पण एक मोठा फरक ध्यानात ठेवायला हवा. सांधण दरीत आपण दोरानं खाली उतरतो आणि दरीच्या तोंडातून चालत बाहेर पडतो. गुहेत बहुतेक वेळा बाहेर पडायचा रस्ता म्हणजे आपण ज्यावरून उतरलो तोच दोर. चार-सहा तास रांगून, घसरून, भिजून दमल्यावर त्या दोरावर एकेक वीत चढायचं असतं. छातीवरचा क्लॅम्प दोर पकडून ठेवतो, हातातला क्लॅम्प वर सरकवायचा, त्याला जोडलेल्या पट्ट्यात पाय रोवून उभं राहायचं, पुन्हा तेच. खालचे आपली पाळी येईपर्यंत अंधारात थंडी खात उभे. वरून हाक येते, ‘दोर मोकळा!’ आणि पुढचा चढायला लागतो. उतरण्याची हिंमत पुष्कळांकडे असते. थंडीनं बोटं बधिर झालेली असताना शांतपणे वर चढता येणं हे खरं कौशल्य, आणि क्लब आधी झाडाला किंवा खाणीच्या कड्याला दोर बांधून तेच घोटून घेतात.

चिंचोळ्या जागी माणसाला माणूस लागतो तो आणखी वेगळ्या अर्थानं. छाती दोन्हीकडून दगडाला टेकलेली, एक हात पुढे, एक हात मागे, गाल चिखलात. अशा ठिकाणी घाबरून श्वास भरला की छाती फुगते आणि माणूस आणखी घट्ट बसतो. पुढे गेलेला मित्र तिथून सांगत असतो, श्वास सोड, डावा खांदा खाली घे, उजव्या पायाखाली एक खाच आहे. तो आवाज ओळखीचा असणं फार मोलाचं असतं. अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून पूर्ण श्वास सोडायला शरीर तयार होत नाही.

किमान चौघांनी जावं, असा जुना दंडक आहे. त्यामागे साधा हिशेब आहे. एक जखमी झाला तर एकानं त्याच्याजवळ थांबायचं, आणि मदतीसाठी एकट्यानं न जाता दोघांनी जायचं. त्याच्याच जोडीला परतीच्या वेळेचा नियम. आत जाण्याआधी बाहेरच्या एका भरवशाच्या माणसाला सांगायचं: आम्ही अमुक गुहेत, अमुक वाटेनं जातोय, अमुक वाजता फोन करू, नाही आला तर पोलिसांना कळव आणि गुहा-बचाव पथक मागव. आत मोबाइल चालत नाही. बाहेरचा तो एकजण विसरला तर आतल्यांना कोणीही शोधायला येणार नाही.

यॉर्कशरच्या या भागाचं बचाव पथक १९३५ मध्ये स्थापन झालं. केव्ह रेस्क्यू ऑर्गनायझेशन हे त्याचं नाव, मुक्काम क्लॅपम गावात. जगातल्या अगदी पहिल्या गुहा-बचाव संघटनांपैकी ती एक, आणि सुरुवातीपासून स्वयंसेवकांची. म्हणजे अडकलेल्याला काढायला येतात ते दुसऱ्या क्लबांतले त्याच्यासारखेच हौशी लोक. नोव्हेंबर २०२१ मध्ये साउथ वेल्समधल्या ओगोफ फिनन डी या गुहेत एकजण पडून जबर जखमी झाला. त्याला स्ट्रेचरवरून बाहेर काढायला ५४ तास लागले. ब्रिटनभरातून दोनशेहून अधिक माणसं पाळीपाळीनं आत जात होती, अरुंद जागी हातोहात स्ट्रेचर पुढे सरकवत होती. तो वाचला.

सगळे वाचत नाहीत. २४ जून १९६७ रोजी यॉर्कशरच्या मॉसडेल गुहेत दहाजण गेले. चौघे लवकर बाहेर आले. नंतर जोरदार पाऊस झाला, ओढा फुगला आणि गुहेचं तोंड पाण्याखाली गेलं. बाहेर आलेल्यांपैकी एक तरुणी पुन्हा तिथे गेली, तिला ते दिसलं आणि माळावरून धावत जाऊन तिनं मदत बोलावली. बचाव पथकानं ओढ्याचं पाणी वळवायला चर खणला. आतले सहाही जण दगावले होते. मृतदेह बाहेर आणणं इतकं धोक्याचं होतं की ते गुहेतच ठेवावे लागले. ब्रिटनच्या गुहांमधली ही सर्वांत मोठी दुर्घटना. तिथले क्लब आजही हवामानाचा अंदाज पाहून ठरलेली सहल शेवटच्या क्षणी रद्द करतात, आणि तसं करणाऱ्या लीडरला कोणी नावं ठेवत नाही.

इतकं सगळं करून हे लोक आत काय करतात? एक उत्तर सौंदर्याचं आहे आणि ते खरंही आहे. मला अधिक भावतं ते दुसरं: ते मोजतात. जमिनीवरचा प्रत्येक डोंगर विमानातून, उपग्रहातून टिपता येतो. गुहेचा नकाशा मात्र कोणी आत गेल्याशिवाय होत नाही. त्याची रीत अशी. एकजण भिंतीवर नेलपॉलिशचा बारीक ठिपका लावतो. तो पहिला बिंदू. दुसरा टेपचं टोक घेऊन दृष्टीच्या टप्प्यात राहील इतकाच पुढे जातो आणि तिथे दुसरा बिंदू धरतो. दोन बिंदूंमधलं अंतर, होकायंत्रावरची दिशा, चढ किंवा उतार किती अंश, हे तीन आकडे मोठ्यानं सांगायचे. वहीवाला ते मोठ्यानंच परत म्हणतो, म्हणजे ऐकण्यातली चूक तिथल्या तिथे सापडते. डावी-उजवी भिंत किती लांब, छत किती उंच, तेही टिपायचं आणि मधल्या जागेचं रेखाटन काढायचं. मग पुढचा बिंदू. स्टीलचा कॅराबिनर होकायंत्राजवळ आला तरी काटा हलतो, म्हणून तो दूर धरायचा. आता बेआट हेब या स्विस माणसानं तयार केलेलं डिस्टोएक्स वापरतात. लेझर मीटरमध्येच त्यानं होकायंत्र आणि उतारमापक बसवले, त्यामुळे एका दाबात तिन्ही आकडे मिळतात. पण लेझरचा ठिपका नेमका कुठे पडायला हवा ते दाखवायला पुढे माणूस लागतोच.

फिरून पुन्हा जुन्याच बिंदूवर आलं की कागदावरची रेघही तिथेच यायला हवी. ती दोन-चार मीटर बाजूला पडली तर कुठेतरी आकडा चुकला आहे. असे नकाशे जुळवत बसणारी माणसं क्लबमध्ये असतात, आणि मोठे शोध पुष्कळदा त्यांच्या टेबलावर लागतात. १९४६ मध्ये जॉर्ज कॉर्न्सला लँकेस्टर होलचा पत्ता लागला तो गवतामुळे: वारा नसताना गवत हलत होतं, खालून हवा येत होती. त्या विवरातून ईझ गिलची प्रचंड गुहा उघडली. पुढे १९६८ मध्ये डेव्ह ब्रुक यांनी म्हटलं की लँकाशर, कम्ब्रिया आणि यॉर्कशर या तीन परगण्यांखालच्या गुहा आतून एकमेकींना जोडलेल्या असाव्यात. नकाशांवर दोन गुहांची टोकं कुठे जवळ येतात ते पाहायचं आणि तिथला चिखल-दगड उपसायचा, हे काम क्लबवाले रविवारमागून रविवार करत राहिले. २०११ मध्ये ती साखळी जुळली. आज तिची लांबी ८० किलोमीटरहून अधिक आहे.

या रविवारच्या उद्योगाचं मोल जगाला कळलं ते २०१८ मध्ये थायलंडमध्ये. थाम लुआंग गुहेत बारा मुलं आणि त्यांचा फुटबॉल प्रशिक्षक पुराच्या पाण्यामुळे अडकले. थाई नौदलाचे कमांडो तिथे होते, पण गढूळ पाण्यानं भरलेल्या चिंचोळ्या गुहेत पोहणं ही वेगळीच विद्या आहे. मुलांचा शोध लागला २ जुलैला, आणि तो लावला रिक स्टँटन या निवृत्त अग्निशमन जवानानं आणि जॉन व्होलँथन या संगणक सल्लागारानं. दोघेही ब्रिटनमधले हौशी गुहा-पाणबुडे. मुलं आत कुठे असू शकतील याचा अंदाज बांधायला उपयोगी पडली ती जवळच राहणाऱ्या एका ब्रिटिश गुहाप्रेमीची, व्हर्न अन्सवर्थची, वर्षानुवर्षांची पाहणी. पाणी उपसण्याच्या कामात सल्ला द्यायला आपल्या किर्लोस्कर ब्रदर्सचे तज्ज्ञ तिथे पोचले होते, हे मराठी वाचकांनी लक्षात ठेवावं असं आहे. तेराही जण बाहेर आले. हवेच्या टाक्या पोचवून परतताना समन कुनान हा माजी नौदल पाणबुडा मात्र प्राणाला मुकला.

भारतात ही क्लबची परंपरा रुजली ती मेघालयात. तिथे चुनखडी आहे आणि सोहरा-मौसिनरामचा पाऊस आहे. गुहा व्हायला आणखी काय हवं? शिलाँगच्या ब्रायन खारप्रान डॅली यांनी मेघालय ॲडव्हेंचरर्स असोसिएशन उभी केली, आणि १९९२ पासून ब्रिटन व युरोपातल्या क्लबांबरोबर मोहिमा सुरू झाल्या. त्या होतात बहुतेक फेब्रुवारीच्या सुमारास, पाणी ओसरलेलं असताना. येणारे स्वतःच्या रजेवर आणि बहुतांशी स्वतःच्या खर्चानं येतात, गावकरी वाटा दाखवतात, आणि दिवसभर गुहेत मोजलेले आकडे रात्री मुक्कामी संगणकावर चढतात. अशा रीतीनं जयंतिया टेकड्यांमधली क्रेम लिआत प्रा ३० किलोमीटरहून लांब भरली. मौसिनरामजवळची क्रेम पुरी २०१८ मध्ये मोजली गेली, २४.५ किलोमीटर, वालुकाश्मातली एवढी लांब गुहा जगात दुसरी माहीत नाही. जयंतिया टेकड्यांतल्याच क्रेम उम लडॉ या गुहेत चाळीस सेंटिमीटरहून मोठा, जवळपास रंगहीन आणि अंध मासा सापडला. जमिनीखाली राहणारा इतका मोठा मासा जगात दुसरीकडे आढळलेला नाही. २०२३ मध्ये त्याला तिथल्या प्नार लोकांवरून नाव मिळालं, निओलिसोकिलस प्नार. सोहराजवळच्या क्रेम मॉम्लू गुहेतल्या एका लवणस्तंभात ४२०० वर्षांपूर्वीच्या मोठ्या दुष्काळाची खूण आहे. त्यावरून २०१८ मध्ये पृथ्वीच्या इतिहासातल्या चालू कालखंडालाच मेघालयन हे नाव मिळालं.

याच टेकड्यांमध्ये सिमेंटसाठी चुनखडीच्या खाणी आहेत. कोळशाच्या उंदीरबिळांसारख्या खाणींवर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं २०१४ मध्ये बंदी घातली, तोवर त्यांचं आम्लयुक्त पाणी नद्यांत उतरलं होतं. चुनखडीची खाण तर गुहाच खाते. खाणीच्या हद्दीखाली गुहा आहे हे दाखवायचं तर नकाशा लागतो, आणि तो बहुतेक ठिकाणी या हौशी लोकांनीच केलेला असतो. नेलपॉलिशच्या ठिपक्यांवरून काढलेला तो कागद नसता, तर अमुक टेकडीच्या पोटात काय होतं हे ती उडवल्यानंतरही कोणाला कळलं नसतं. म्हणून मला हे मोजमाप नुसता छंद वाटत नाही. ते तातडीचं काम आहे.

महाराष्ट्रातून मेघालयात जाणारे ग्रुप आता पुष्कळ आहेत. बहुतेक जण मॉस्माईची दिवे लावलेली गुहा पाहून परत येतात. त्यात वाईट काही नाही, लहान मुलांना न्यायला ती उत्तमच. पण ज्यांनी सह्याद्रीत दोर हाताळला आहे त्यांनी पुढे जायला हरकत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ धरा. गावाच्या दरबारची परवानगी रांगबा श्नोंगकडून, म्हणजे गावप्रमुखाकडून घ्या आणि त्याच गावचा वाटाड्या सोबत घ्या. दोरावर वर चढण्याचा सराव घरूनच करून जा. वटवाघळं दिसली तर दिवा वळवा, बोलणं थांबवा. दुसऱ्या गुहेत जाण्याआधी कपडे-बूट धुऊन वाळवा. अमेरिकेत २००६ पासून एका बुरशीनं लाखो वटवाघळं मारली आहेत, आणि ती बुरशी माणसाच्या चिखलानं भरलेल्या सामानावरूनही पसरू शकते. चौघांपेक्षा कमी असाल तर बेत पुढे ढकला. आणि गावात ज्या घरी उतरला असाल तिथे परतायची वेळ लिहून द्या; त्या वेळेनंतर किती वाट पाहायची आणि मग कोणाला बोलवायचं, तेही त्याच कागदावर.